गाठीला कूलर नसतो!

नवतप्याचे दिवस. दुपारचे दोन. खिडकीतला कूलर घरघरत होता, ताट्यांना ओल्या वाळ्याचा वास येत होता, आणि माझी सहावीतली भाची आबाजींच्या खणात काहीतरी उचकत होती. त्या खणात काय नसतं! रबर लावलेली खर्र्याची पुडी, जुने चष्मे, एसटीची तिकिटं आणि एक काचेचा थर्मामीटर, पाऱ्याचा. तो तिला सापडला. आधी तिने तो स्वतःच्या काखेत धरला, मग आबाजींच्या, मग मांजरीच्या मागे धावली. मांजर हुशार, ती पलंगाखाली गेली. शेवटी भाची गॅलरीचं दार उघडून तो बाहेर उन्हात ठेवायला निघाली.

"अगं थांब, फुटेल तो!" मी ओरडले.

"काहून फुटेल?"

"कारण तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो. बाहेर ४५ आहे. पारा चढायला जागा उरली नाही तर काच फुटते."

तिने काच डोळ्यांजवळ नेली. खरंच की, रेघा ३५ पासून सुरू आणि ४२ वर खलास. "४२ वरच काहून थांबवला? पुढे रेघा मारायला शाई संपली होती का?"

प्रश्न झकास होता. शाई संपली नव्हती. माणसाच्या अंगाची गरमी ४२ च्या पुढे सहसा जातच नाही, आणि गेलीच तर तिथे थर्मामीटर कामाचा नाही, धावत दवाखाना गाठायला हवा. पण या ४२ अंशांची दुसरीही एक गोष्ट आहे. तिच्यात माश्या आहेत, सोनं आहे, सर्कस आहे, आणि आपल्या नागपूरपासून तासा-दीड तासावरचं सेवाग्रामही आहे.

आधी एक गंमत बघा. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशीही सीताबर्डीवर लोक खरेदीला होते, रिक्षा चालत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या अंगात ३७ अंशच होते. बाहेरच्यापेक्षा जवळजवळ ११ अंश कमी! हे कसं जमतं? आपल्या अंगातही एक कूलर आहे म्हणून. कूलर काय करतो? पाण्याची वाफ करतो, आणि वाफ होताना पाणी जवळची गरमी घेऊन जातं. घाम नेमकं तेच करतो. शिवाय रक्त आतली गरमी उचलून कातडीकडे आणून सोडतं. गोऱ्या माणसाचा चेहरा उन्हात लाल होतो तो त्यामुळेच. अंगातलं पाणी संपलं की हा कूलर बंद पडतो आणि माणसाला ऊन लागतं. (खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही असं आमचे आबाजी म्हणतात. कांद्याबद्दल मला आदर आहे, पण भाजीत. उन्हात जाताना पाणी प्या.)

आता एक अशी जागा सांगते, जिथे हा कूलर नीट चालत नाही. कॅन्सरची गाठ.

आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं, आणि पेशी सारख्या नव्या होत असतात. गालाच्या आतली कातडी तर फार भराभर बदलते. पोळीचा चटका बसला तरी चार-आठ दिवसांत विसरायला होतं, ते त्यामुळे. प्रत्येक नवी पेशी होताना जुन्या पेशीतली माहितीची पोथी उतरवून घ्यावी लागते. पोथी उतरवताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही पेशीतच असतात. पण रोज, वर्षानुवर्षं, गालात कोणी खर्रा धरून ठेवला तर? आमच्या विदर्भात प्रत्येक पानठेल्यावर हा मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खसाखसा घोटायचा, झाला खर्रा. मोठ्यांना वाटतं, तंबाखू वाईट, सुपारी बिचारी साधी. तसं मुळीच नाही. नुसती सुपारीही माणसाला कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. चुका साचत जातात, मिस्त्री पुरे पडत नाहीत, आणि एके दिवशी एखादी पेशी 'थांबा' हा शब्दच विसरते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. झाली गाठ.

ही गाठ घाईघाईत वाढते. तिला रक्त हवं असतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. पण त्या कशा? आराखडा न करता वसलेल्या वस्तीतल्या गल्ल्यांसारख्या! कुठे अरुंद, कुठे मध्येच बंद, कुठे गळक्या. तिथून रक्त नीट वाहत नाही. आणि रक्त वाहिलं नाही तर गरमी कोण नेणार? म्हणजे तुम्ही गाल आणि गाठ दोघांनाही सारखीच ऊब दिलीत, तर निरोगी गाल ती रक्तातून पाठवून देतो आणि थंड राहतो. गाठ मात्र तापत बसते.

भाचीचे डोळे चमकले. "मंग मावशी, कॅन्सरवाल्यांना उन्हात बसवलं तर कॅन्सर मरते का? नागपुरात तर फुकटात होईल!"

हा विचार करणारी ती काही पहिली नाही, पण असं होत नाही. उन्हात आधी कातडी भाजते. आत खोलवर गरमी पोचायच्या आधीच अंगाचा कूलर जोरात सुरू होतो, आणि तो बंद पडला तर गाठ राहते बाजूला, माणूसच जातो. त्यामुळे हा प्रयोग कोणीही, कोणावरही करायचा नाही. गरम पाण्याच्या पिशवीनेही नाही. दवाखान्यात हे काम रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्ह करतात. तुमच्या घरच्या मायक्रोवेव्हचीच मोठी, शहाणी बहीण समजा. लहरी कातडीतून आत जातात, कातडी भाजू नये म्हणून तिच्यावर गार पाण्याची पिशवी ठेवतात, बारीक तारेसारखे थर्मामीटर आतली गरमी मोजत राहतात, आणि गाठ सुमारे तासभर ४० ते ४३ अंशांच्या मध्ये ठेवतात. याला म्हणतात उष्मोपचार.

४० ते ४३ मध्ये गाठ शिजत नाही. अंड्याचा पांढरा भागसुद्धा साठ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतो. मग एवढ्याशा गरमीने होतं काय? आठवतात ना ते पोथी दुरुस्त करणारे मिस्त्री? ते गरमीने सुस्त होतात. मे महिन्यात दुपारी दोनला कोणता मिस्त्री कामावर येतो सांगा! अशा वेळी गाठीवर क्षकिरण सोडले तर तिच्या पोथीची पानं फाटतात आणि जोडायला कोणी नसतं. शिवाय या मापाच्या उबेने गाठीत थोडं जास्त रक्त येतं, त्याबरोबर प्राणवायू येतो, आणि प्राणवायू असला की किरणांचा मार जोरात बसतो.

मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुईलगोळ यांनी हे डोकं-मान-तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर करून पाहिलं आणि २०१० मध्ये निकाल छापला. नुसते किरण दिलेल्यांपैकी शेकडा ४२ जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली. किरणांबरोबर आठवड्यातून एकदा उष्णताही दिलेल्यांपैकी शेकडा ७९ जणांची. रुग्ण मोजके होते, पन्नास-पंचावन्न, हे विसरायचं नाही. म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी काय केलं बघा. डॉ. निलॉय दत्ता तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावच्या रुग्णालयात होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ मध्ये असे सहा वेगवेगळे अभ्यास एकत्र मांडले, ४५१ रुग्णांचे. नुसत्या किरणांनी शंभरातल्या सुमारे ४० जणांची गाठ गेली, आणि उष्णता जोडल्यावर सुमारे ६२ जणांची.

आणि २०२२ मध्ये याच दत्तांचं नाव एका लेखावर दिसतं, पत्त्यासकट. पत्ता कुठला? सेवाग्राम, जिल्हा वर्धा! महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी बापूंच्या कुटीजवळ सुरू केलेलं हे कॉलेज. लेखात म्हणणं असं होतं की ज्या देशांत पैसा कमी आणि रुग्ण जास्त, त्यांना ही उष्णतेची जोड फार उपयोगाची ठरेल. मला हे वाचून बरं वाटलं. मोठ्या गोष्टी नेहमी दूर कुठेतरी घडतात असं आपण समजतो, आणि इथे आपली वर्ध्याची पॅसेंजर जाते तिथे बसून लोक यावर डोकं चालवत आहेत.

इथवर आलो तरी गोष्ट अर्धीच झाली. खरी गंमत माश्यांपासून सुरू होते.

सडक्या संत्र्याभोवती बारक्या माश्या घोंगावतात ना, त्या फळमाश्या शास्त्रज्ञांच्या फार लाडक्या. इटलीत फेरुच्चो रितोस्सा नावाचे एक शास्त्रज्ञ त्यांच्या अळ्या पाळत. एके दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी अळ्यांच्या पेटीची गरमी चुकून वाढवून ठेवली. आपण असतो तर चिडून अळ्या फेकून दिल्या असत्या. रितोस्सांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. बघतात तर पेशींतल्या पोथीवर काही ठिकाणी नवेच फुगे आलेले! म्हणजे एरवी मिटलेली पानं गरमी लागताच उघडली होती. त्यांनी हे लिहून पाठवलं, तर एका मासिकाने 'यात काय विशेष' म्हणून परत केलं. शेवटी १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आलं. पुढे कळलं की त्या पानांवरून पेशी एक खास प्रथिन बनवते. गरमीने इतर प्रथिनं वाकडीतिकडी व्हायला लागली की हे त्यांना धरून सरळ ठेवतं. त्याचं नाव पडलं उष्माघात-प्रथिन. माशीत, माणसात, गव्हात, जंतूंत, सगळ्यांत ते असतं. नवतप्यात तर आपल्या अंगणातल्या तुळशीतही बनत असणार.

आता जर्मनीत चला, म्युनिकला. गाब्रिएले मुल्टहॉफ या शास्त्रज्ञ बाईंनी कॅन्सरच्या पेशी ४१.८ अंशांवर तापवल्या. ४२ ला दोनच दशांश कमी! पेशी मेल्या नाहीत. पण हे उष्माघात-प्रथिन, जे पेशीच्या आत असायला हवं, ते काही कॅन्सर-पेशींच्या बाहेरच्या अंगावर येऊन बसलं. निरोगी पेशींवर ते आलं नाही. १९९५ मध्ये त्यांनी हे छापलं. म्हणजे चोराच्या घरावर आपोआप झेंडा लागला, आणि शेजारची घरं तशीच राहिली.

झेंडा लागला, पण तो बघणारं कोणी हवं ना? आहेत की.

१८८२ सालचा हिवाळा, इटलीतलं मेसिना गाव. एली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञांच्या घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हे एकटे घरी, समोर सूक्ष्मदर्शक आणि समुद्रतारा नावाच्या प्राण्याची पिल्लं, पाण्यासारखी पारदर्शक. त्यांना वाटलं, यांच्या अंगात काटा टोचला तर काय होईल? बागेत गेले. तिथे संत्र्याच्याच गोतातलं एक छोटं झाड होतं, मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून सजवलेलं. त्याच बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांना टोचले. रात्रभर म्हणे झोप आली नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी! अंगात घुसलेल्या परक्या वस्तूवर चालून जाणाऱ्या पेशी त्यांनी अशा पकडल्या. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सर्कशीला न गेल्याचा असा फायदा!

आज आपल्याला या शिपायांच्या बऱ्याच पलटणी माहीत आहेत. त्यातल्या दोन लक्षात ठेवा. टी-पेशी फार शिस्तीच्या. त्या प्रत्येक पेशीचं ओळखपत्र तपासतात आणि त्यावर काही वावगं दिसलं तरच मारतात. कॅन्सर-पेशी बेरकी, त्या ओळखपत्रच लपवतात. मग दुसरी पलटण येते. १९७५ च्या सुमारास सापडलेल्या एनके पेशी, म्हणजे नैसर्गिक मारेकरी. त्यांचं म्हणणं, "ओळखपत्र नाही? मग तूच चोर." आणि मुल्टहॉफबाईंना दिसलं की तो उष्माघात-प्रथिनाचा झेंडा याच एनके पेशींना ओळखता येतो. पुढे त्यांच्या गटाने आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बारा रुग्णांचं रक्त काढलं, त्यातल्या पेशींना या प्रथिनाचा एक तुकडा दाखवून तयार केलं आणि त्याच रुग्णांच्या अंगात परत सोडलं. तालमीत पैलवान तयार करतात ना, तसं. २००४ मध्ये त्यांनी लिहिलं की यात रुग्णांना धोका दिसला नाही.

टी-पेशींनाही तालीम देता येते, आणि ती आपल्या मुंबईत दिली जाते. पवईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून 'नेक्सकार-१९' नावाचा उपचार बनवला. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, त्यांना जणू एक नवा डोळा बसवायचा, म्हणजे ओळखपत्र लपवलेला चोरही त्यांना दिसतो, मग त्यांची संख्या वाढवून परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशापुढे आणला. पण हा उपचार काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडातल्या गाठीसाठी नाही.

"काहून?" भाची लगेच म्हणाली. आता ती थर्मामीटर विसरून माझ्याजवळ येऊन बसली होती.

कारण रक्तातला चोर रस्त्यावर फिरत असतो, तो भेटतो. गाठ म्हणजे किल्ला. शिपाई तटापर्यंत पोचतात, आत शिरता येत नाही. त्या वाकड्या, बंद गल्ल्या आठवा. आणि चुकूनमाकून आत शिरलेच तर तिथलं वातावरणच असं की शिपायांना झोप येते. इथे उष्णता पुन्हा कामी येते. ऊब लागली की गल्ल्या थोड्या मोकळ्या होतात, झेंडे लागतात, आणि शिपायांना आत जायला वाट मिळते. ताप आल्यावर आपल्या अंगात शिपायांची धावपळ वाढते, तीही याच घरातली गोष्ट.

अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेतल्या लोकांनी २०२१ मध्ये यावर कडी केली. त्यांनी टी-पेशींमध्ये एक बटण बसवलं, गरमीवर चालणारं. ४० ते ४२ अंश झाले की चालू, एरवी बंद. मग उंदराच्या गाठीत सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या सोडल्या. इतवारीच्या सराफ्यात असतं तेच सोनं, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. या काड्यांवर डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा लेसर-प्रकाश टाकला की त्या तापतात. गाठ तापली, बटण चालू झालं, आणि टी-पेशी तिथल्या तिथे जोर आणणारं औषध बनवू लागल्या. बाकी अंगात बटण बंदच. हे औषध अंगभर पसरलं असतं तर त्रास झाला असता, म्हणून एवढी खटपट.

मला विचाराल तर तोंड ही या जोडगोळीसाठी चांगली जागा आहे. पोटातल्या गाठीपर्यंत प्रकाश पोचवायचा म्हणजे कसरत. तोंड काय, 'आ' केलं की झालं. पण खरं तेच सांगते. उष्णता आणि तालमीतल्या पेशी, दोन्ही एकदम, हा तोंडाच्या कॅन्सरवरचा रोजचा इलाज अजून झालेला नाही. आज दवाखान्यात गेलात तर शस्त्रक्रिया, किरण आणि औषधं हेच मिळेल, आणि गाठ लहान असताना गेलात तर त्याने बरंही होता येतं.

नागपुरात तुकडोजी चौकाजवळ एक मोठं कॅन्सर रुग्णालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. खंजिरी वाजवून गावोगाव व्यसनं सोडा म्हणणाऱ्या महाराजांना स्वतःलाच कॅन्सर झाला आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. तिथल्या बाहेरच्या बाकांवर कधी बघा. गालाला पट्टी बांधलेले किती तरी काका बसलेले असतात.

"मावशी, तोंडाचं आधी कळते का? थर्मामीटरनं?"

थर्मामीटरने नाही, बोटांनी. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड कमी कमी उघडायला लागतं. निरोगी मोठ्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये त्याची स्वतःची तीन बोटं, एकावर एक, आरामात जातात. भाचीने लगेच करून पाहिलं, गेली. माझी गेली. मग ती उठली आणि आबाजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "आबाजी, आ करा." आबाजींनी आधी पेपर वर धरला. तिने तो खाली केला.

दोन बोटं गेली. तिसरं अडलं.

कोणी काही बोललं नाही. कूलर घरघरत होता. भाचीने खणातली ती रबराची पुडी उचलली आणि माझ्या हातात दिली. सोमवारी सकाळी आम्ही तिघं मेडिकल चौकात गेलो.

तुमच्या घरी कोणी खर्रा, गुटखा, सुपारी खात असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांना तीन बोटं घालून पाहायला सांगा. जात नसतील, किंवा तोंडातला फोड नाहीतर पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नसेल, तर वाट पाहू नका. नागपुरात मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा आणि त्यांच्यासोबत तुम्हीही जा. नातवंडं बरोबर असली की मोठी माणसं रांगेतून पळून जात नाहीत.